चार टिक आधी

मॅडलिबचा हा अल्बम आम्हा दोघांनाही पहिल्यांदा फारसा आवडला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

२०१६चा पावसाळा. सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर लाइट गेलेली. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपमध्ये अकरा टक्के बॅटरी उरली होती. ती त्याने दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनसाठी न ठेवता 'बीट कंडक्टा व्हॉल्यूम ५-६'वर खर्च केली. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. चाळिसाच्या आसपास तुकडे, बहुतेक एक-दोन मिनिटांचे, आणि सगळा कारभार नुसत्या बीट्सचा. निम्म्यात लॅपटॉप बंद पडला. इअरफोन गुंडाळत तो म्हणाला, "चांगलंय भावा. पण डोनट्स न्हाई." मीही जाणकारासारखी मान हलवली. खरं तर तेव्हा मला 'डोनट्स'सुद्धा नीट कळलेला नव्हता.

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांना माहीत आहेत त्यांनी पुढचे दोन परिच्छेद स्क्रोल केले तरी चालतील.

जे डिला म्हणजे जेम्स डेविट यान्सी. जन्म १९७४चा, डेट्रॉइटच्या कॉनंट गार्डन्स भागात वाढलेला. स्वतः रॅप करायचा, पण जग त्याला ओळखतं ते प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं सगळं रचणारा माणूस. त्याचं एमपीसी हे यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात काचेआड आहे. त्याला रक्ताचा एक दुर्मिळ आजार होता, जोडीला ल्युपस. ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' बाहेर आला. तीन दिवसांनी तो गेला. ३१ तुकड्यांचा हा अल्बम त्याने हॉस्पिटलच्या बेडवर बनवला, अशी गोष्ट आम्ही हॉस्टेलवर एकमेकांना डोळे मोठे करून सांगायचो. नंतर कळलं की त्यातलं बरंचसं काम आधीच झालेलं होतं. गोष्ट जरा खाली आली, अल्बम होता तिथेच राहिला.

मॅडलिब म्हणजे ओटिस जॅक्सन ज्युनिअर, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा, डिलापेक्षा काही महिन्यांनीच मोठा. या दोघांनी मिळून २००३मध्ये 'जेलिब' नावाने 'चॅम्पियन साउंड' हा अल्बम काढला. निम्म्या गाण्यांत बीट मॅडलिबचा आणि रॅप डिलाचा, निम्म्यात उलटं. त्यातलं बरंचसं दोघे एका खोलीत न बसताच झालं. एक डेट्रॉइटला, एक कॅलिफोर्नियात. इकडून बीट्सची सीडी जायची, तिकडून दुसरी यायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा मित्र इचलकरंजीचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही; त्याला स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं आवडलं नसतं. बीट्सखाली टाकायला त्याने सात-आठ टोपणनावं केली होती आणि दर सेमिस्टरला बदलायचा. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चार यंत्रमाग. वडील आणि एक कामगार माग चालवायचे, आई कांड्या भरायची. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो आणि पहिली रात्र जागाच राहिलो, कारण भिंतीपलीकडे खडखडाट चालू होता. तो मात्र लगेच झोपला. सकाळी म्हणाला, माग बंद पडला की त्याला जाग येते.

त्याची एक थिअरी होती. चारही माग एकाच बनावटीचे, पण एका वेगाने कधीच चालत नाहीत. दोन मागांचे ठोके काही वेळ एकत्र पडतात, मग एक हळूच पुढे सरकतो, मग त्या दोघांत फट दिसायला लागते, मग कधीतरी परत जुळतात. लहानपणी तो अंथरुणात पडून कोणता माग पुढे गेलाय हे ओळखायचा खेळ खेळायचा. हॉस्टेलवर डिलाचे ड्रम्स पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो उठून बसला होता. "हे दोन मागायत भावा. एक टायमात, एक जरा पुढं."

तेव्हा मला ही त्याची नेहमीची फेकाफेक वाटली. इंटरनेटवर सगळीकडे एकच लिहिलेलं असायचं, की डिला क्वांटाइझ वापरत नसे. क्वांटाइझ म्हणजे तुमचा ठोका थोडा इकडे-तिकडे पडला तर सॉफ्टवेअर तो उचलून ग्रिडच्या रेघेवर नेऊन ठेवतं. ते बंद केलं की झालं, अशी समजूत. २०२२मध्ये डॅन चार्नसचं 'डिला टाइम' हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं वेगळं आहे. डिलाने यंत्र बंद केलं नाही, उलट यंत्राच्याच सोयी वापरून एकेक आवाज मोजून-मापून जागेवरून हलवला. सरळ चाल आणि झोक्याची चाल एकाच वेळी, एकमेकांना घासत चालू ठेवली. म्हणजे दोन माग. ते पान वाचून मी पुस्तक पालथं घातलं आणि बराच वेळ तसाच बसलो. हे ज्याला सांगायचं तो तोवर नव्हता.

(आपल्याकडचे जाणते म्हणतील, यात नवल काय, आमचा ढोलकीवाला रोज हेच करतो. बरोबर आहे. नवल एवढंच की डिलाने ते यंत्राकडून करवून घेतलं.)

मॅडलिबकडे परत येतो. डिला गेल्यानंतर त्याने लगेच श्रद्धांजलीचा अल्बम काढला नाही. २००७मध्ये त्याच मालिकेचा तिसरा-चौथा भाग आला, 'बीट कंडक्टा इन इंडिया'. जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड्स कापून केलेला. मित्राचा मॅडलिबमधला सगळ्यात लाडका अल्बम हा. त्याचं कारणही घरगुती होतं. दिवाळीच्या त्या सुट्टीत त्याने तो स्पीकरवर लावला होता आणि काकू स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजातून, दोन सेकंदांच्या तुकड्यावरून मूळ गाणं ओळखत होत्या. सिनेमाचं नाव, कधीकधी हिरोईनही. आम्ही नेटवर तपासायचो आणि काकू बरोबर निघायच्या. "ह्ये कुणी एवढं बारीक चिरलंय?" असं त्यांनी विचारलं होतं. मला तर नंतर कळलं की त्या व्हायोलिनांच्या ताफ्यात आणि ब्रासमध्ये त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत मोठ्या संख्येने गोव्याचे वादक असायचे. सबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजरही गोव्याचेच. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं क्वचितच दिसत. गोव्याहून मुंबईला, तिथून रेकॉर्डवर बसून कॅलिफोर्नियाला आणि परत इचलकरंजीच्या स्वयंपाकघरात, असा तो आवाज फिरून आला होता.

मग २००८मध्ये पाचवा भाग आणि २००९मध्ये सहावा. दोन्ही मिळून जो अल्बम झाला त्याचं नाव 'अ ट्रिब्यूट टू...' आणि पुढे नुसती टिंबं. कव्हरवर मित्राचं नाव नाही. भागांची नावं मात्र 'डिल कॉस्बी स्वीट' आणि 'डिल विदर्स स्वीट'. बिल कॉस्बी आणि बिल विदर्स या नावांवर केलेली कोटी, बिलच्या जागी डिल. आम्ही अर्थातच तो 'दिल' वाचला आणि दिल विदर्स म्हणजे कोमेजलेलं काळीज असा पीजे करून घेतला. कॉस्बीचं पुढे जे उघड झालं त्यानंतर ते नाव घशात अडकतं. पण २००८मध्ये ती दोन मित्रांमधली थट्टा होती.

हिप-हॉपमध्ये गेलेल्या मित्राला आठवायची मोठी परंपरा आहे. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचं १९९२चं प्रसिद्ध गाणं ट्रॉय डिक्सन या मित्रासाठी होतं. पण तिथे शब्द आहेत, रॅपर आहे, तो घरच्या माणसांबद्दल सांगतो आणि आपल्याला रडायला जागा मिळते. ज्याचं काम फक्त बीट बनवणं, त्याने काय करायचं? त्याच्याकडे 'तू गेलास आणि मला वाईट वाटतं' हे म्हणायची सोय नसते. त्याच्याकडे दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स असतात, ब्लेडसारखं एक यंत्र असतं आणि वेळ असतो.

डिलासाठी इतर पुष्कळांनी पुष्कळ केलं. अपुरा राहिलेला 'द शायनिंग' करीम रिगिन्स या ड्रमर मित्राने पूर्ण केला आणि तो २००६च्या ऑगस्टमध्ये आला. 'जे स्टे पेड'चं काम डिलाच्या आईबरोबर पीट रॉकने पाहिलं. मिगेल ॲटवुड-फर्ग्युसन आणि कार्लोस निन्यो यांनी डिलाच्या रचना अख्ख्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या आणि त्या आईलाच अर्पण केल्या. टी-शर्ट निघाले, दर फेब्रुवारीला कार्यक्रम व्हायला लागले. मला यातलं काहीच खोटं वाटत नाही. पण मॅडलिबचं काम या रांगेत बसत नाही. त्याने डिलाचं अपुरं काही हातात घेतलं नाही. पाहुण्या रॅपरांची सभा भरवली नाही. त्याने स्वतःचे बीट्स केले.

२०१६मध्ये आम्हाला हेच कमी वाटलं होतं. ट्रिब्यूट म्हणतोस आणि यात डिला कुठाय?

पुढचं भराभर सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांकडे त्या वर्षाची स्वतःची एक आवृत्ती असेल.

२०१८मध्ये आम्ही पास झालो. मी पुण्यात नोकरीला लागलो. बॅकएंडचं काम, पेमेंटची सिस्टीम, रात्री-अपरात्री अलर्ट. तो सहा महिने पुण्यात राहिला, मग वडिलांची तब्येत बिघडली म्हणून घरी गेला आणि मागच चालवायला लागला. रात्री बीट्स. मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मी ऐकून एका ओळीत काहीतरी लिहायचो, कधी स्वतःचं काहीतरी करून पाठवायचो. मी त्याच्या तुलनेत फारच सुमार होतो, पण तो माझ्या फाइल्स गंभीरपणे ऐकायचा आणि तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचा.

१ जानेवारी २०२१च्या सकाळी उठलो तर फोनवर त्याचा मेसेज. एमएफ डूम गेल्याची बातमी आदल्या रात्री आली होती. डूम खरं तर ३१ ऑक्टोबरलाच गेला होता, घरच्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं. मित्राने लिहिलं होतं, "दोन महिने आपण त्याला जिवंत समजून ऐकत होतो. काय फरक पडला सांग." त्याच जानेवारीच्या अखेरीस मॅडलिबचा 'साउंड अँसेस्टर्स' आला, फोर टेटने जुळवलेला. त्यात एक तुकडा डिलासाठी होता. आम्ही फोनवर एक-दोन-तीन म्हणून एकदम प्ले दाबलं आणि तरीही त्याचं अर्धा सेकंद पुढे वाजत होतं. तो तुकडा संपल्यावर तो म्हणाला, "पंधरा वर्सं झाली. हा अजून डिलाला बीट पाठवायलाय."

मार्चमध्ये त्याने मला एक फाइल पाठवली. खाली लिहिलं होतं, "ही नीट ऐक. घाईत नको." माझं एक रिलीज अडकलं होतं. मी लिहिलं, "वीकेंडला नक्की." त्या वीकेंडला ऐकली नाही, पुढच्याही नाही. डाउनलोडच केली नाही. मे महिन्यात तो गेला. चार दिवस ताप, मग बेडची शोधाशोध, मग ऑक्सिजनवर सहा दिवस. वय पंचवीस. मी जिल्ह्याबाहेर, पास काढून निघेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच्या बहिणीने व्हिडिओ कॉल लावला होता, पण नेटवर्क नव्हतं. कॉलेजच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो आला आणि खाली ऐंशी वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यातली एक माझी. कॉपी-पेस्ट.

जूनमध्ये कधीतरी मी ती फाइल डाउनलोड करायला गेलो. व्हॉट्सॲपने सांगितलं की ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

२०२२च्या सुरुवातीला मी इचलकरंजीला गेलो. बहीण बारावीला होती आणि दादाचा लॅपटॉप आता ती वापरत होती. फॉरमॅट करून घेतला होता, पण त्याआधी त्याच्या 'बीट्स' फोल्डरमधल्या एफएल स्टुडिओच्या सगळ्या प्रोजेक्ट फाइल्स तिने पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या. "दादा, तुम्हाला लागतील म्हणून," म्हणाली. एकसष्ट फाइल्स. पुण्याला येऊन पहिली उघडली आणि स्क्रीनवर 'सॅम्पल सापडत नाही'च्या सूचनांची रांग लागली.

हे वापरणाऱ्यांना माहीत असेल. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतो. आवाज कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा पत्ता असतो आणि तो केव्हा, किती जोरात वाजवायचा याच्या सूचना असतात. आवाज दुसऱ्या ड्राइव्हवर होते आणि ती ड्राइव्ह फॉरमॅट झाली होती. त्या पोरीला हे कसं कळणार? तिला मी आजवर सांगितलेलं नाही.

मार्चची फाइल सापडली, नावावरून आणि तारखेवरून. उघडली. सगळे चॅनल जागेवर, नावंही जागेवर: 'किक_मळका', 'आई_कुकर', 'बाबा_खोकला', 'माग_दार'. प्ले दाबलं की रेघ डावीकडून उजवीकडे सरकायची आणि काहीच ऐकू यायचं नाही. मी ती शांतता चार मिनिटं आठ सेकंद पूर्ण ऐकली. घाईत नाही.

मग मला ती कल्पना सुचली, जिची आज लाज वाटते. वर्षश्राद्धाला हा ट्रॅक पूर्ण करून त्याच्या नावाने अपलोड करायचा. मी इंटरनेटवरून ड्रम्सचे आवाज उतरवून त्याच्या चॅनलमध्ये भरले. वाजवून पाहिलं तर लंगडत होतं. एक चॅनल तर सगळीकडे ग्रिडच्या आधी पडत होता. मी ठरवलं की हा घाईतला कच्चा ड्राफ्ट असणार, त्याला नीट करायला वेळ मिळाला नसणार. सगळं सिलेक्ट केलं आणि कंट्रोल-क्यू दाबलं. सगळे ठोके आपापल्या रेघेवर जाऊन बसले, शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

आता ते व्यवस्थित वाजत होतं. एखाद्या बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावल्यावर वाजतं तसं.

मी अनडू केलं, लॅपटॉप मिटला आणि दोन-तीन महिने त्या फाइलकडे फिरकलो नाही. वर्षश्राद्धाला काहीही अपलोड झालं नाही.

त्याच काळात ऑफिसच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, मी 'बीट कंडक्टा ५-६' पुन्हा लावला. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग आठवडाभर रोज.

तो अजूनही 'डोनट्स' नाही. लांबला आहे. दुसऱ्या भागात काही तुकडे असे आहेत की टेबलावर पडलेलं उचलून लावल्यासारखे वाटतात. पण मी आधी तो ट्रिब्यूट म्हणून ऐकला होता, म्हणजे भाषण म्हणून. आता तो मला त्या सीडींच्या देवाणघेवाणीतला पुढचा अंक वाटायला लागला. मॅडलिब डिलाच्या सवयी उचलतो: सोलच्या जुन्या रेकॉर्डमधला आवाज शब्द पूर्ण व्हायच्या आत कापणं, चांगलं रंगलेलं मध्येच तोडून पुढे जाणं, दीड मिनिटात उठणं. पण ड्रम्स त्याचे स्वतःचेच, ऑक्सनार्डचे, धुळकट आणि सैल. गेलेल्या मित्राबद्दल बोलताना आपण नकळत त्याच्या लकबीत बोलायला लागतो आणि तरी आवाज आपलाच राहतो, तसं. काही तुकड्यांच्या नावांत तो सरळ बोलतो: डिला अजून इथेच आहे असं एकाच्या कंसात, बीट्सचा कोल्ट्रेन असं दुसऱ्याच्या. बाकी सगळं एका प्रोड्यूसरने दुसऱ्याला दाखवायला केलेलं. हे बघ काय सापडलं. हे बघ कसं कापलंय. यातल्या कित्येक गमती फक्त डिलालाच कळल्या असत्या असं मला वाटतं, आणि मॅडलिबने त्या आपल्यासाठी सोप्या करून सांगितलेल्या नाहीत. २०१६मध्ये डिला कुठाय असं विचारत होतो. तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत होता. आम्ही त्या खुर्चीत बसून तक्रार करत होतो.

रिगिन्सने पूर्ण केलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. तो ड्रमर होता, तो टाइम त्याच्या हातात होता. माझ्या हातात तो नव्हता, एवढंच. माझ्याकडे न दिलेलं एक उत्तर होतं.

मी पुन्हा मार्चची फाइल उघडली, या वेळी दुरुस्त करायला नाही, वाचायला. कोड रिव्ह्यूला बसावं तशी. एफएल स्टुडिओ एका बीटचे ९६ टिक करतो. डिलाच्या एमपीसी ३०००चेही तेवढेच. या ट्रॅकचा वेग मिनिटाला ८६. म्हणजे एक टिक सव्वासात मिलिसेकंदांचा. बाकीचे चॅनल थोडे इकडे-तिकडे होते, हाताने वाजवल्यासारखे. पण 'माग_दार' चॅनलचा प्रत्येक ठोका, चारही मिनिटं, ग्रिडच्या बरोबर चार टिक आधी होता. २९ मिलिसेकंद. आमच्या सिस्टीममध्ये २९ मिलिसेकंदांसाठी कुणी अलर्टसुद्धा लावत नाही. घाई असती तर कधी तीन, कधी सहा झाले असते. हे मोजून केलेलं होतं. का, ते मला कळत नव्हतं.

२०२३च्या मार्चमध्ये पुन्हा इचलकरंजीला गेलो, फोन आणि एक छोटा रेकॉर्डर घेऊन. शेडमध्ये आता दोनच माग होते. दोन भंगारात गेले, त्यांत दाराजवळचा एक. काका थकले होते, राहिलेले दोन कामगारच चालवत होता. मी भिंतीकडच्या मागाशेजारी स्टुलावर बसून वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. धोटा जातो तो आवाज, मग ठोका, मग पुन्हा धोटा. कामगार मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होता.

त्यातून मी माझा एक बीट केला. त्याचा नाही. सूर वेगळे, वेग वेगळा, माझ्या नेहमीच्या सुमारपणासकट. फक्त मागाचे ठोके लावताना त्याची ती सवय उचलली आणि ते सगळीकडे चार टिक आधी ठेवले. अडीच मिनिटांचा झाला. मॅडलिबच्या हिशेबाने लांबलाच.

दिवाळीत तो घेऊन गेलो. बहीण कॉलेजला बाहेरगावी होती, काका झोपले होते. काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवून हेडफोन लावले. मी फोनवर प्ले दाबलं आणि इकडे-तिकडे बघत बसलो. मिनिटभराने त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"दाराजवळचा हाय न्हवं हा?"

मी म्हटलं, "नाही काकू, तो विकला की. हा भिंतीकडचा."

"मग त्याच्यागत का वाजतोय? त्यो असाच पळायचा. बाकीच्यांच्या आधी जरा. लई बारा भानगडीचा." त्यांनी हेडफोन पुन्हा नीट बसवला. "लाव परत पहिल्यापासनं."